लिब्रेऑफिसची एलटीएस व्हर्जन कोणती, आणि एकच व्हर्जन पाच वर्षं चालवता येईल का?

विचारलंय ते थोडक्यात असं: पतसंस्था आहे, मुख्य ऑफिस आणि शाखा धरून साठ-सत्तर कॉम्प्युटर, बरेचसे विंडोज १० आणि ११, काही काउंटरवर उबुंटू २२.०४, आणि दोन-तीन विंडोज ७ ची म्हातारी मशीन्स जुन्या प्रिंटरपायी जिवंत ठेवलेली. सगळीकडे लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखं फुकट ऑफिस सॉफ्टवेअर) टाकायचं ठरलंय, आणि संचालक मंडळाचं म्हणणं की याची लाँग टर्म सपोर्टवाली, म्हणजे एलटीएस, व्हर्जन शोधा, एकदाच टाका, पाच वर्षं परत विषय नको.

मी पतसंस्था, कॉलेजं, एक-दोन नगरपालिका अशा ठिकाणी हेच काम बरीच वर्षं करतोय त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो: लिब्रेऑफिस ज्या संस्थेचं आहे त्या द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या साइटवरून जी फुकट डाउनलोड होते त्यात एलटीएस नावाचा प्रकारच नाही. कधीच नव्हता. शोधून सापडणार नाही. एलटीएस मिळते, पण ती दुसरीकडून मिळते, आणि ती कोण देतंय हे समजल्याशिवाय व्हर्जन नंबर निवडण्यात काही अर्थ नाही.

आधी नंबरांचं गणित. जानेवारी २०२४ पर्यंत ७.५, ७.६ असे नंबर होते, मग ३१ जानेवारी २०२४ ला २४.२ आली आणि तेव्हापासून नंबर म्हणजे वर्ष आणि महिना. २४.२, २४.८, २५.२, २५.८, म्हणजे दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास एक आणि ऑगस्टला एक. हे एसटीसारखं चालतं, वेळ झाली की गाडी सुटते, जे फीचर तयार नाही ते पुढच्या गाडीने. प्रत्येक शाखेला (शाखा म्हणजे २४.८ सारखी व्हर्जनची एक मालिका, तुमच्या ऑफिसची शाखा नव्हे) मग महिना-दीड महिन्याने दुरुस्ती आवृत्त्या येतात, २४.८.१, २४.८.२ असं करत साधारण .७ पर्यंत, आणि नऊ-दहा महिन्यांत विषय संपतो. २४.८ ऑगस्ट २०२४ ला आली आणि जून २०२५ ला बंद. २५.२ फेब्रुवारी २०२५ ला आली आणि नोव्हेंबर २०२५ अखेर बंद. बंद म्हणजे सॉफ्टवेअर चालायचं थांबत नाही, पण त्यानंतर सिक्युरिटीचं भोक सापडलं तरी त्या शाखेत कोणी बुजवणार नाही.

हेल्पमधल्या अबाउट खिडकीत तुम्हाला चार आकडे दिसतील, २४.२.७.२ असं काहीतरी. पहिले दोन म्हणजे शाखा, तिसरा दुरुस्ती क्रमांक, आणि चौथा म्हणजे ती कितवी रिलीज कँडिडेट (फायनलच्या आधीची चाचणी आवृत्ती) होती जी शेवटी फायनल म्हणून बाहेर पडली. चौथ्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. महत्त्वाचा तिसरा. पहिले दोन बदलले की फीचर बदलणार, मेनू हलणार, कदाचित काहीतरी मोडणार. फक्त तिसरा बदलला तर दुरुस्त्याच आल्या असं समजायचं, कारण त्या शाखेत नवीन फीचर घेतच नाहीत, आणि दुरुस्ती घालायची असेल तरी ती लिहिणाऱ्याशिवाय अजून कोणीतरी बघून मान्य करावी लागते, रिलीज अगदी तोंडावर आली की अजून जास्त जणांनी. म्हणजे .० आणि .५ यात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि लोक नेमकी .० टाकतात कारण ती साइटवर वर दिसते.

मग फाउंडेशन एक शाखा तीन वर्षं का सांभाळत नाही? कारण ते कंटाळवाणं आणि महागडं काम आहे. लाखो ओळींचा कोड, त्यातला बराचसा स्टारऑफिसच्या, म्हणजे लिब्रेऑफिसच्या पूर्वजाच्या, काळातला. आज मेनमध्ये, म्हणजे चालू मुख्य कोडमध्ये, एखादी दुरुस्ती झाली तर ती तीन वर्षांपूर्वीच्या कोडवर तशीच बसत नाही, आजूबाजूचं सगळं बदललेलं असतं, परत हाताने बसवायची, परत बिल्ड, परत टेस्ट, आणि हे विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर. फुकटात हौसेने हे कोणी करत नाही, आणि करावं अशी अपेक्षाही ठेवू नये. हे काम ज्या कंपन्या करतात त्या त्याचेच पैसे घेतात, तोच त्यांचा धंदा आहे, आणि त्याच पैशातून लिब्रेऑफिसचा बराच कोड लिहिला जातो. २०२० मध्ये ७.० च्या रिलीज कँडिडेटमध्ये 'पर्सनल एडिशन' असा शिक्का दिसला आणि लोकांनी आरडाओरडा केला की आता पैसे लावणार. नंतर ७.१ पासून 'कम्युनिटी' असं लिहायला लागले. त्यामागे एवढंच सांगायचं होतं की बाबांनो मोठ्या ऑफिसात वापरत असाल तर सपोर्टवाली आवृत्ती घ्या. सांगायची पद्धत चुकली असेल पण मुद्दा खरा होता, आणि तुमचा प्रश्न वाचून मला तोच आठवला.

तर मागून दुरुस्ती आणून जुन्यात बसवण्याचं काम कोण करतं? तीन पर्याय.

पहिला, लिनक्सचं वितरण, म्हणजे उबुंटू, डेबियन यांसारखी तयार लिनक्स. तुमच्या उबुंटू काउंटरवर तुम्ही नकळत एलटीएसच वापरताय. उबुंटू २२.०४ मध्ये लिब्रेऑफिस ७.३ आहे, २४.०४ मध्ये २४.२, डेबियन १२ मध्ये ७.४.७, डेबियन १३ मध्ये २५.२. शाखा गोठवलेली, पण सिक्युरिटीच्या दुरुस्त्या मागून आणून बसवतात. डेबियन १२ चं उदाहरण बघण्यासारखं आहे. ती जून २०२३ मध्ये बाहेर पडली, आणि त्याच सुमारास फाउंडेशनने ७.४ शाखा बंद केली होती. म्हणजे कागदोपत्री पहिल्या दिवसापासून मेलेली व्हर्जन. पण मे २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-३०४४ (सीव्हीई म्हणजे सिक्युरिटीच्या भोकाला दिलेला जाहीर नंबर) बाहेर आली, त्यात डॉक्युमेंटमधल्या चित्रावर क्लिक केलं की मॅक्रोची (फाइलीत दडलेल्या छोट्या प्रोग्रामची) नेहमीची वॉर्निंग न येता स्क्रिप्ट चालू शकत होती, फाउंडेशनने ती ७.६.७ आणि २४.२.३ मध्ये दुरुस्त केली आणि डेबियनने तीच दुरुस्ती आपल्या ७.४.७ मध्ये बसवून दिली. अबाउटमध्ये बघाल तर नंबर तोच ७.४.७. बदल दिसतो तो पॅकेजच्या नावात, मागे जी 'डेब१२यू' आणि पुढे आकडा अशी शेपटी असते त्यात. म्हणून ऑडिटवाला येऊन 'तुमची व्हर्जन जुनी आहे' म्हणाला तर त्याला पॅकेज मॅनेजरमधला पूर्ण नंबर दाखवायचा, अबाउट खिडकी नाही. हा वाद मी बऱ्याच ठिकाणी घातलाय, ऑडिटवाल्यांची यादी फक्त वरचा नंबर बघते.

यात एक सूचना, फ्लॅटपॅक किंवा स्नॅप (लिनक्सवर वितरणाच्या पॅकेजऐवजी सॉफ्टवेअर टाकायचे वेगळे प्रकार) घेतलं तर हे सगळं लागू नाही. ते नवीन शाखा आली की तिकडे सरकतात, स्नॅप तर स्वतःहून. घरी ठीक, काउंटरवर नको. आणि वितरणाच्या भरवशालाही शेवट असतो हे लक्षात ठेवा. रेड हॅटने जून २०२३ मध्ये सांगून टाकलं की पुढच्या आरएचईएलमध्ये (त्यांच्या कंपन्यांसाठीच्या लिनक्समध्ये) आम्ही लिब्रेऑफिस पॅकेज करणार नाही, आणि १० मध्ये ते नाहीच, ज्याला पाहिजे त्याने फ्लॅटपॅक घ्या. ज्यांनी वर्कस्टेशन त्या जोरावर उभी केली होती त्यांना परत विचार करावा लागला.

दुसरा पर्याय, विकत. कोलॅबोरा ही त्यातली सगळ्यात ओळखीची, २०१३ मध्ये सुसे या लिनक्स कंपनीची लिब्रेऑफिसवाली टीम तिकडे गेली तेव्हापासून हे काम करतायत. एक शाखा पकडून काही वर्षं सांभाळतात, विंडोजसाठी सही केलेला इन्स्टॉलर, ग्रुप पॉलिसीने सगळ्या विंडोज मशीनवर एकदम सेटिंग लॉक करायची सोय, आणि तुमची फाइल मोडली तर कोणाला तरी फोन करता येतो. आता त्यांनी त्याच नावाने नवीन डेस्कटॉप आवृत्ती काढलीय आणि जुनीला 'क्लासिक' म्हणतात, त्यामुळे कोटेशन मागवताना कशाचं ते नीट विचारा, तुमचं मेल मर्ज आणि मॅक्रो कशात चालतील तेही. साठ-सत्तर सीट म्हणजे काही भयंकर रक्कम होणार नाही, एमएस ऑफिसच्या लायसन्सशी तुलना करून मंडळापुढे ठेवा. मंडळाला खरोखरच 'एकदा टाका आणि विसरा' हवं असेल तर प्रामाणिक उत्तर हेच आहे, फुकटात ते मिळत नाही. युरोपात मोठे लोकही हेच करतात, म्हणजे एकतर सपोर्ट विकत घेतात किंवा स्वतःची टीम ठेवतात. जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर न्यायचं जाहीर केलं, फ्रान्समध्ये मंत्रालयांचा एकत्रित गट व्हर्जन तपासून मगच पुढे सोडतो. कोणीही साइटवरून .० उतरवून सगळीकडे टाकत नाही.

तिसरा पर्याय, तुम्ही स्वतः. म्हणजे बॅकपोर्ट (नवी दुरुस्ती जुन्या कोडात बसवणं) नाही करायचं, ते आपल्या आवाक्यातलं नाही, तर शाखा बदलायची पण शिस्तीत. यावर खाली येतो कारण तुम्ही बहुतेक हेच करणार.

आणि एक चौथा आहे जो पर्याय नाही पण लोक त्याला पर्याय समजतात, अपाचे ओपनऑफिस, त्याच कुळातलं दुसरं फुकट सॉफ्टवेअर. 'ते बघा, ४.१ कितीतरी वर्षं बदललं नाही, किती स्टेबल.' ४.१ एप्रिल २०१४ ला आली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आली ती ४.१.१५. हे स्टेबल नाही, हे रखडलेलं आहे. ते अजूनही डॉकएक्स (वर्डची फाइल) उघडतं पण डॉकएक्समध्ये सेव्ह करत नाही, एवढ्या एकाच गोष्टीने तुमच्या शाखांमध्ये बोंब होईल. ज्याला हात लावायला माणसं नाहीत ते न बदलणं आणि ज्याला माणसं मुद्दाम हात लावत नाहीत ते न बदलणं, यात फरक आहे.

आता खरा विषय. मंडळाला पाच वर्षं व्हर्जन बदलू नये असं का वाटतं? कारण त्यांना भीती आहे की व्हर्जन बदलली की नोटीस बिघडेल, पानं सरकतील, सहीची जागा दुसऱ्या पानावर जाईल. भीती बरोबर आहे. पण माझ्याकडे अशा ज्या तक्रारी येतात त्यातल्या बहुतेकांचं कारण व्हर्जन नसतं, फॉन्ट असतो. हे जरा सविस्तर सांगतो कारण मराठी ऑफिसात निम्मी स्थिरता इथेच आहे.

लिब्रेऑफिसमध्ये प्रत्येक स्टाइलला एकाच वेळी वेगवेगळे फॉन्ट असतात, एक पाश्चात्त्य लिपीसाठी, एक चिनी-जपानीसाठी, आणि एक कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी, ज्याला सीटीएल म्हणतात. देवनागरी या तिसऱ्यात येते. आता तुमच्या ऑफिसातला माणूस टेम्प्लेट बनवताना कॅरेक्टरच्या खिडकीत वरचा फॉन्ट बदलतो, कॅलिब्री करतो, खुश होतो. खालचा सीटीएल फॉन्ट त्याने बघितलेलाच नसतो, तो त्या मशीनने स्वतः जो डिफॉल्ट उचलला तो राहतो. त्याच्या विंडोजवर मंगल असतो. शाखेतल्या उबुंटूवर मंगल नाही, मग तिथे लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी जे असेल ते लागतं. या फॉन्टांची ओळीची उंचीच वेगळी, वर रफार-मात्रा आणि खाली उकार सामावायला प्रत्येकाने वेगळी जागा धरलीय. बत्तीस ओळींच्या नोटिशीत प्रत्येक ओळ केसभर वाढली की शेवटच्या दोन ओळी आणि 'आपला विश्वासू' पुढच्या पानावर. लोक म्हणतात व्हर्जनचा लफडा.

आणि मंगल विंडोजवर असतोच असंही नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे सगळे देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स नावाच्या ऑप्शनल फीचरमध्ये गेलेत. मुळात येतो तो निर्मला यूआय. ज्या मशीनवर मराठी किंवा हिंदी भाषा अॅड केली तिथे मंगल आपोआप उतरतो, जिथे नाही केली तिथे नसतो. म्हणजे तुमच्याच दोन विंडोज मशीनवर, एकच लिब्रेऑफिस, एकच फाइल, आणि पानं वेगळी. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता फोनवरच विचारतो, त्या मशीनवर मंगल आहे का ते आधी बघा.

उपाय सोपा आहे. एक मोकळ्या लायसन्सचा युनिकोड देवनागरी फॉन्ट ठरवा, मी नोटो वापरतो, त्याची एकच ठरावीक फाइल सर्व्हरवर ठेवून सगळ्या मशीनवर तीच टाका. टेम्प्लेटमध्ये डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलला सीटीएल फॉन्ट म्हणून तो लावा, आणि सीटीएलची भाषा मराठी करा, हिंदी नाही, कारण बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये मराठी भाषा लावली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात. बाहेर जाणाऱ्या फाइलसाठी प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट टॅबवर जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करता येतो. एवढं केलं की व्हर्जन बदलली तरी पानं फार हलत नाहीत.

फार म्हणतोय, अजिबात म्हणत नाही, कारण कधीकधी दोष खरोखर व्हर्जनचा असतो. फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ मध्ये अक्षरजुळणीचं इंजिनच बदललं, आधी विंडोज, मॅक आणि लिनक्स प्रत्येकावर वेगळं होतं, ते सगळीकडे हार्फबझ केलं. मराठीसाठी ही फार मोठी गोष्ट होती, जोडाक्षरं आणि ऱ्या-ऱ्हा सगळीकडे सारखे दिसायला लागले. पण त्याच वेळी जुन्या फाइलींतल्या ओळी थोड्या इकडे-तिकडे झाल्या. ५.२ ला धरून बसलेल्यांनी तेव्हा जे टाळलं ते शेवटी एक ना एक दिवस करावंच लागलं, आणि मधल्या काळात नवीन फाइलींचा ढीग वाढलेला. थांबल्याने बदल टळत नाही, साठतो.

अजून एक मराठी ऑफिसचा खास प्रकार, कृतिदेव, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणारा युनिकोडआधीचा फॉन्ट. तुमच्याकडे नसेल तर भाग्यवान, पण पतसंस्थेत एखादा जुना क्लार्क असतोच. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे पाय मोडलेला क्. आता नवीन व्हर्जन टाकताना कोणी प्रोफाइल पुसलं की ऑटोकरेक्टची सेटिंग मूळपदावर येतात, त्यात 'वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करा' चालू असतं. क्लार्क 'काम' टाइप करतो, पहिला डी मोठा होतो, आणि पडद्यावर 'क्ाम'. तो म्हणतो नवीन लिब्रेऑफिसला मराठी येत नाही. ते कॅपिटलवालं आणि दोन कॅपिटल सुधारणारं असे दोन्ही ऑप्शन बंद करायचे, झालं. खरं तर कृतिदेवच बंद करायचा, पण तो वेगळा लढा आहे.

मग मिश्र व्हर्जनचं काय? तुमच्याकडे उबुंटूवर ७.३ आणि विंडोजवर नवीन काहीतरी असणार, इथे मात्र नंबर खरोखर चावतो. ७.४ पासून कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं एक्सेल) १६,३८४ कॉलम झाले, त्याआधी १,०२४ होते. विंडोजवर एवढी रुंद शीट बनवून उबुंटू २२.०४ वर उघडली तर १,०२४ च्या पलीकडचं येणारच नाही, आणि तिथे कोणी सेव्ह केलं की गेलं. पतसंस्थेत एवढी रुंद शीट कोण बनवतं म्हणाल, तर बनवतात, तारखा आडव्या टाकून बनवतात. दुसरं, एक्सलुकअप, फिल्टर, सॉर्ट, युनिक ही फंक्शनं २४.८ मध्ये आली. २४.२ ला ती ठाऊक नाहीत. फाइल उघडल्यावर आधी साठवलेला आकडा दिसूही शकतो, म्हणून सुरुवातीला कोणाला कळत नाही, आणि मग कोणीतरी सेल बदलतो आणि तिथे नेम एरर. तिसरं पासवर्ड. २४.८ मध्ये पासवर्डवाल्या ओडीएफ (ओडीटी, ओडीएस हे लिब्रेऑफिसचे स्वतःचे फॉरमॅट) फाइलींसाठी नवी एन्क्रिप्शन पद्धत आली, चांगली आहे, पण तशी सेव्ह केलेली फाइल जुन्या ७.३ ला उघडत नाही आणि शाखा म्हणते पासवर्ड चुकीचा दिलाय.

म्हणून नियम असा ठेवा की संस्थेत सगळ्यात जुनी जी व्हर्जन आहे तिला जे येतं तेवढंच सामायिक फाइलींत वापरायचं. व्हीलुकअप किंवा इंडेक्स-मॅच, एक्सलुकअप नको. आणि उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर चला, तिचा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे, म्हणजे सगळ्यात जुनी व्हर्जन ७.३ ऐवजी २४.२ होईल आणि कॉलमचा प्रश्न तरी मिटेल. केरळमध्ये सरकारी शाळांसाठी काइट ही संस्था उबुंटू एलटीएसवर स्वतःचं एकच पॅकेज बनवून सगळीकडे तेच देते, त्यामुळे तिथे 'माझ्याकडे उघडते, तुझ्याकडे नाही' हा प्रकार कमी. तुमचीही सगळी मशीन्स लिनक्सवर असती तर मी एवढं लिहिलंच नसतं, उबुंटू एलटीएस टाका आणि झोपा म्हणालो असतो.

आता विंडोजसाठी ठोस सांगतो. वर्षातून दोनदा बदलायचं, जून आणि डिसेंबर. कारण बघा, फेब्रुवारीत निघालेल्या शाखेची .४ साधारण जूनमध्ये येते, आणि त्याच महिन्यात मागची ऑगस्टवाली शाखा बंद होते. ऑगस्टवालीची .४ डिसेंबरात येते आणि फेब्रुवारीवाली नोव्हेंबर अखेर बंद झालेली असते. म्हणजे नेहमी .४ ला उडी मारली तर तुम्ही सदैव सपोर्टमधल्या शाखेवर असता, आणि ती शाखा चार महिने दुसऱ्यांनी घासून-पुसून झालेली असते. आपल्या पतसंस्थांच्या वेळापत्रकालाही हे बसतं, मार्चएंड आणि त्यामागचं ऑडिट उरकलेलं असतं, सप्टेंबरच्या वार्षिक सभेची गडबड सुरू झालेली नसते, आणि डिसेंबर तसा मोकळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीही कितीही आग्रह केला तरी हात लावायचा नाही. वर्षातून एकदाच बदलायचं म्हणत असाल तर चार-सहा महिने दुरुस्तीविना काढावे लागतात, बाहेरून ईमेलने फाइली येणाऱ्या ऑफिसात मी ते करणार नाही.

बदलायच्या आधी महिनाभर दोन मशीनवर पुढची शाखा टाका, त्यातलं एक अकाउंट्सच्या माणसाकडे जो खरंच कुरकुर करतो. आणि एक फोल्डर बनवा, तुमच्या रोजच्या खऱ्या फाइलींचं: कर्जमागणीचा फॉर्म, थकबाकी नोटीस, मेल मर्जचं पत्र, संचालक सभेचं इतिवृत्त, व्याजाची शीट, मॅक्रोवाली जी असेल ती. जुन्या व्हर्जनने हे सगळं पीडीएफ करा, नव्याने करा, कमांड लाइनवरून हेडलेस मोडमध्ये, म्हणजे खिडकी न उघडता, अख्खं फोल्डर एकदम होतं. मग पानांची संख्या ताडून बघा. जिथे फरक तेवढ्याच फाइली उघडून बघायच्या. एक दुपार पुरते.

तिथे काही मोडलेलं सापडलं तर फाउंडेशनच्या बगझिलात (चुका नोंदवायच्या साइटवर) टाका, नमुना फाइल जोडून, सभासदांची नावं-खाते नंबर काढून टाकून. 'आधीच्या शाखेत चालत होतं, या शाखेत मोडलं' हे स्पष्ट लिहा. त्यांच्याकडे बिबिसेक्ट म्हणून सोय आहे, जुन्या-जुन्या बिल्डची साठवण, त्यात मधोमध तोडत तोडत नेमक्या कोणत्या बदलाने मोडलं ते हौशी टेस्टरसुद्धा शोधून काढतात. शाखा जिवंत असताना कळवलं तर दुरुस्ती त्याच शाखेत यायची शक्यता बरी असते. पाच वर्षं जुनी व्हर्जन धरून कळवलंत तर पहिलं उत्तर ठरलेलं, नवीन व्हर्जनवर तपासून सांगा.

जुने इन्स्टॉलर फेकू नका, तसे ते फाउंडेशनच्या आर्काइव्हमध्ये सगळे असतात, पण नेट नसलेल्या शाखेत तुमच्याजवळच लागतात. लिनक्सवर फाउंडेशनची पॅकेजेस ऑप्ट (/opt) फोल्डरमध्ये प्रत्येक शाखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसतात त्यामुळे दोन शाखा शेजारी-शेजारी राहतात. विंडोजवर नवीन टाकली की जुनी जाते. परत मागे यायचं असेल तर आधी यूजर प्रोफाइलची कॉपी काढा. ते फोल्डर अॅपडेटामध्ये लिब्रेऑफिसच्या आत '४' नावाने असतं, हो, अजूनही ४, ४.० च्या काळात पडलेलं नाव कोणी बदललंच नाही, २५ आली तरी घर तेच. त्यामुळे नव्या व्हर्जनने लिहिलेली सेटिंग जुनीला वाचावी लागतात आणि कधीकधी ती विचित्र वागते. तसं झालं तर हेल्पमधून सेफ मोडमध्ये सुरू करून बघायचं. अपडेटची नोटीस दाखवणारं सेटिंगही सगळीकडे बंद करा, नाहीतर काउंटरवरचा एखादा उत्साही स्वतःच .० उतरवून बसतो.

फाइल फॉरमॅटबद्दल मंडळाला एक गोष्ट नक्की सांगा, पाच वर्षांची हमी हवी असेल तर ती तिथे आहे. ओडीएफ २००६ पासून आयएसओचं स्टँडर्ड आहे, २००५ च्या ओपनऑफिस २.० मध्ये बनवलेली ओडीटी आजच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडते. संस्थेत काम ओडीएफमध्ये, बाहेर पाठवायला पीडीएफ, आणि समोरच्याला खरंच बदल करायचे असतील तेव्हाच डॉकएक्स. डॉकएक्समध्ये सेव्ह, परत उघडा, परत सेव्ह असं रोज करणाऱ्यांच्याच फाइली सगळ्यात जास्त बिघडतात, आणि ते कोणत्याही व्हर्जनमध्ये.

राहिली ती विंडोज ७ ची मशीन्स. २५.२ ही त्यांच्यासाठी शेवटची शाखा, २५.८ मध्ये विंडोज ७ आणि ८ काढून टाकलंय. तिथे २५.२.७ टाका, नेटवर्कवरून ईमेल-इंटरनेट बंद करा, आणि फक्त पीडीएफ उघडून प्रिंट मारायला ठेवा. त्यावर ओडीटी एडिट करायला कोणालाही बसवू नका, आणि पुढच्या बजेटमध्ये त्या प्रिंटरसाठी पैसे मागा.